नाव घेण्याचा तास

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमच्यातल्या धाकटीने विचारलं, "माझा आजी रिटायर झाला, मग मंगळवारी शाळेत का जातो?" तुमच्या बाबाने लगेच "माझी आजी, झाली, जाते" असं सुधारून दिलं, आणि त्या सुधारणेत प्रश्न राहूनच गेला. ऑकलंडला तुमची झोपायची वेळ झाली होती, इथे लीड्सला आमचा सकाळचा चहा व्हायचा होता. म्हणून उत्तर लिहूनच पाठवते. बाबा वाचून दाखवेल. यात मी कोणाचंही नाव घातलेलं नाही. नाव ही किती नाजूक गोष्ट आहे, ते पुढे येईलच.

मी मंगळवारी जाते ती शाळा म्हणजे एका चर्चच्या हॉलवरची खोली. खाली लहान मुलांचा प्लेग्रुप चालतो आणि वर आमचा मोठ्यांचा. जिना अरुंद आहे, रेडिएटर कधी भाजतो, कधी मुळीच तापत नाही. मी जरा आधी जाते. खुर्च्या अर्धगोलात लावते, मार्कर पेनं कागदावर ओढून बघते आणि वाळलेली तिथल्या तिथे टाकून देते. वाळलेलं पेन पुन्हा डब्यात ठेवणारी माणसं मला आवडत नाहीत, हे तुमच्या बाबाला विचारा.

पुण्यात मी इंग्रजी घेऊन एम.ए. केलं. लग्न झाल्यावर आजोबांच्या हॉस्पिटलमधल्या नोकरीपायी इथे आले आणि पुष्कळ वर्षं इथल्याच एका शाळेत शिकवलं. निवृत्त झाल्यावर मोठ्या माणसांना कामापुरतं इंग्रजी शिकवण्याचा एक छोटा कोर्स केला. कामापुरतं म्हणजे, आजारी आहे हे फोनवर कसं कळवायचं. समजलं नसेल तर "पुन्हा दाखवाल का" हे न लाजता कसं विचारायचं. रविवारच्या जादा शिफ्टला नाही कसं म्हणायचं, तेही साहेबाचं तोंड वाकडं न होऊ देता. आणि हवेबद्दल दोन वाक्यं कशी बोलायची.

हवेची वाक्यं सगळ्यात अवघड. ब्रेडच्या कारखान्यात काम करणारे सुदानचे एक धिप्पाड गृहस्थ आमच्या वर्गात आहेत. ते मला म्हणाले, "टीचर, पाऊस मलाही दिसतो, त्यालाही दिसतो. मग एकमेकांना सांगायचं कशाला?"

मी विचारलं, "तुमच्याकडे कोणी भेटलं की काय विचारतात?"

"तब्येत विचारतात, मग आईची, मुलांची, मग शेळ्यांची."

"इथे कोणाकडे शेळ्या नाहीत," मी म्हटलं, "म्हणून पाऊस."

तेव्हापासून ते वर्गात शिरताना हसत विचारतात, "टीचर, आज शेळ्या ओल्या आहेत का?"

माझ्या वर्गाचा एक नियम आहे. खोलीत फक्त इंग्रजी, बाकी सगळ्या भाषा जिन्यात. जिन्यात अरबी, पोलिश, नेपाळी काय वाटेल ते चालतं. मागचा हिवाळा संपत आला होता तेव्हा त्या जिन्यात मराठीही आली.

झालं असं की एका केअर होमच्या मॅनेजरबाईंचा मला फोन आला. केअर होम म्हणजे जिथे थकलेली, आजारी म्हातारी माणसं कायमची राहायला असतात ते घर. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे एक नवी मुलगी लागली आहे. कामाला सोनं आहे, पण हँडओव्हरला इंग्रजी कमी पडतं. इस्टरनंतर तिचं प्रोबेशन संपतं. तोपर्यंत सुधारणा झाली नाही तर मला तिला ठेवता यायचं नाही, लव." इथे यॉर्कशरमध्ये अनोळखी माणसालाही लव म्हणतात, त्यात विशेष काही नसतं.

ती मुलगी म्हणजे चाळिशीतली बाई निघाली. कराडजवळच्या गावची, बारावी होऊन नर्सिंग सहायकाचं शिक्षण घेतलेली. नवरा पार्सलच्या गोदामात कामाला, मुलगी इथल्या शाळेत. माझ्याकडे बघताच तिने मी मराठी आहे हे ओळखलं आणि हात जोडले, "नमस्कार बाई." मी नियमाप्रमाणे इंग्रजीत उत्तर दिलं. ती अजिबात न गडबडता इंग्रजीत बोलू लागली. उच्चार आपल्याकडचे, पण वाक्यं नीट, एकही अर्धवट सोडलेलं नाही.

तास संपल्यावर जिन्यात तिने मला थांबवलं.

"बाई, नोकरी गेली की व्हिसा गेला. पहिलं केअर होम बंद पडलं, त्यानंतर हे कसंबसं मिळालं. आता तिसरं कोण देतंय? पुढच्या वर्षी पोरीची जीसीएसई आहे, इथली दहावी. ती घरात माझ्याशी सुद्धा इथल्या लोकांसारखी बोलते. मधेच उचलून नेली तर ती ना इथली, ना तिथली."

"तुझं इंग्रजी चांगलं आहे," मी म्हटलं.

"मग त्यांना का वाटत नाही?"

ते मलाही कळेना. हँडओव्हर म्हणजे शिफ्ट बदलताना जाणाऱ्यांनी येणाऱ्यांना तोंडी सगळं सांगायचं. कोण जेवलं, कोण रुसलं, कोणाला ताप आहे, कोणाची मुलगी संध्याकाळी येणार आहे. मी तिच्यासाठी काल्पनिक रहिवासी तयार केले, त्यांना अगदी इंग्रजी नावं दिली आणि वर्गात सराव घेतला. तिने प्रत्येकाचं नाव घेऊन घडाघडा सांगितलं. सुदानचे गृहस्थ टाळ्या वाजवत म्हणाले, "मी म्हातारा झालो की हिच्याच घरी जाणार." मी आपली समाधानाने घरी आले.

त्याच आठवड्यात मॅनेजरबाईंचा पुन्हा फोन आला. या वेळी आवाजात लव नव्हतं. तिने हँडओव्हरमध्ये सांगितलं होतं, "काठीवाल्या गृहस्थांना सकाळी जरा चक्कर आली." काठी वापरणारे दोघे होते. दुपारच्या मंडळींनी भलत्याच गृहस्थांकडे लक्ष ठेवलं, आणि ज्यांना खरोखर चक्कर येत होती ते न्हाणीघरात घसरले. नशिबाने कोपरावर खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. "या वेळी कोपर," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी खुब्याचं हाड."

"मी येऊन एक हँडओव्हर ऐकू का?" मी विचारलं. कामाचं इंग्रजी शिकवायचं तर कामाची जागा पाहावी, हे आम्हाला कोर्समध्येच सांगितलं होतं. मी वर्गातच सगळं भागवायला बघत होते.

दुपारी गेले. ग्रेव्हीचा आणि हात धुवायच्या साबणाचा वास, भिंतीला लागून खुर्च्या, येणारी मंडळी कोट काढत बसत होती. युनिफॉर्मचं जांभळं ट्युनिक घातलेली आमची कराडकरीण उभी राहिली आणि बोलू लागली. वाक्य नीट, आवाज नीट.

"खिडकीपाशी बसणाऱ्या बाईंनी पॉरिज अर्धं ठेवलं."

"कुठल्या बाई, लव?" मॅनेजरबाई म्हणाल्या. "खिडकीपाशी सगळ्याच बसतात."

"ज्या विणकाम करतात त्या."

"विणणाऱ्या दोघी आहेत."

"ज्यांचा मुलगा समुद्रावर असतो त्या."

आता येणाऱ्या मंडळींपैकी कोणाला मुलगा समुद्रावर असल्याचं माहीतच नव्हतं. एकाने कुजबुजत दुसऱ्याला विचारलं. तिसरीने भलतंच नाव सांगितलं. आमच्या बाईच्या कपाळावर घाम आला. ती म्हणाली, "नऊ नंबरची खोली."

मॅनेजरबाईंनी हात वर केला. "नंबर नाही. हे आपण बोललोय. खोलीला भूक लागत नाही, माणसाला लागते. नाव सांग."

नाव तिला माहीत होतं. दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. मला ते तिच्या ओठांपर्यंत आलेलं दिसलं आणि परत गेलेलंही दिसलं, आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

तिची सुट्टी झाल्यावर आम्ही बाहेरच्या बसस्टॉपवर बसलो. तो जिना नव्हता, पण मी नियम लांबवला.

"वर्गात तर सगळ्यांची नावं घेत होतीस," मी म्हटलं.

"ती काय खरी माणसं होती होय, बाई?"

"आणि ही?"

"ही माझ्या आज्ज्याच्या वयाची. माझ्या सासऱ्यांचं नाव मी आजवर तोंडातून काढलं नाही. आणि यांना तर मी आंघोळ घालते, दाढी करते, ओलं झालेलं बदलते. अंगावरचे कपडे मी काढायचे आणि वर नावानं पण बोलवायचं? निदान नाव तरी झाकलेलं राहू दे की."

बस आली, आम्ही ती जाऊ दिली.

तुम्हाला हे विचित्र वाटेल. तुम्ही शाळेत टीचरला नावाने हाक मारता आणि टीचरला त्याचं काही वाटत नाही. पण मी तिच्याच बाजूची आहे. आजोबांना मी 'अहो' म्हणते, ते मला 'अगं' म्हणतात आणि त्यावर आमचा संसार सुरळीत चालला आहे. मॅनेजरबाईंचंही खोटं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाचा नंबर होऊ नये, म्हणून त्या नावाचा आग्रह धरत होत्या. आणि त्याच माणसाचा मान राहावा म्हणून ही नाव घेत नव्हती. भांडण लावून द्यावं अशी बाजू कोणाचीच नव्हती. पण न्हाणीघरातली फरशी कोणाच्या मानाकडे बघत नाही, आणि इस्टर जवळ आला होता.

"हे बघ," मी म्हटलं, "मी दवाखान्यात, जीपीच्या रिसेप्शनवर यांचं नाव घेते ना. स्पेलिंगसकट घेते. इंग्रजी बोलताना घेतलेलं नाव मला कधी टोचलं नाही. ते त्या भाषेच्या युनिफॉर्मात येतं. तू ट्युनिक घातलंस की तसंच समज."

तिने विचार केला. "तुम्ही घेता ते काकांच्या पाठीमागं. यांच्या मी समोर असते दिवसभर. आणि हँडओव्हर चालतं तेव्हाही ते भिंतीच्या पलीकडंच बसलेले असतात."

माझा मुद्दा तिथेच संपला. तिला शनिवारी घरी बोलावलं.

ती येताना ओल्या नारळाच्या वड्या घेऊन आली. मी पोहे केले. खाणं झाल्यावर मी आजोबांना रुग्ण व्हायला सांगितलं. जन्मभर डॉक्टर असलेल्या माणसाला रुग्ण होणं फार जड जातं. ते गुडघ्यांवर ब्लँकेट घेऊन खुर्चीत बसले आणि स्वतःच आपलं निदान सांगू लागले.

"तुम्ही बोलायचं नाही," मी म्हटलं. "तुम्ही पेशंट आहात."

"पेशंट बोलतात. माझे तर थांबायचेच नाहीत."

ती उभी राहिली. मी दुपारची शिफ्ट झाले. तिने इंग्रजीत सुरुवात केली, "काकांनी टोस्टच्या दोन स्लाइस खाल्ल्या..."

"कोण काका?" मी विचारलं.

"हेच."

"आमच्याकडे खुर्च्यांत बसलेले पुष्कळ काका आहेत."

"हे... चष्मेवाले."

"अगं, घे की माझं नाव," आजोबा ब्लँकेटमधून म्हणाले. "बिनधास्त घे."

"नको हो काका."

"तुझ्या बाईंना विचार. लग्नात एकदा घेतलं, आणि त्यानंतर थेट जीपीच्या रिसेप्शनवर."

"बाई, मग तुम्हीच घेऊन दाखवा आधी," ती मला म्हणाली. तिच्या डोळ्यांत पहिल्यांदाच खोडकरपणा दिसला. "उखाण्यात घ्या, तसंच नको."

उखाणा म्हणजे आपल्याकडे नवऱ्याचं नाव घ्यायची पळवाट. सरळ घ्यायची लाज, म्हणून यमकात लपवून घ्यायचं. मी इंग्रजीची एम.ए. असले तरी पुण्याची आहे, अडून बसले नाही. रेडिएटरकडे बघितलं आणि म्हटलं, "रेडिएटरवर वाळत घातले मोजे आणि स्वेटर," मग यांचं नाव घेतलं, राव लावून, "यांच्या हातच्या चहापेक्षा माझाच चहा बेटर."

ती पदर नसताना पदर तोंडाला लावल्यासारखा हात करून हसली. आजोबांनी चहाबद्दलचा आरोप जागच्या जागी नाकारला. पण पुन्हा सरावाला उभी राहिली तेव्हा परत तेच. "काका" पाशी गाडी अडायची.

आजोबांनी ब्लँकेट बाजूला केलं. "मी तुझ्या वडिलांच्या वयाचा आहे ना?"

"हो काका."

"मग मी सांगतो ते ऐकशील?"

"ऐकीन की."

"माझं नाव घे."

ती माझ्याकडे बघू लागली.

"तिच्याकडे बघू नकोस. मोठ्या माणसाने सांगितलंय. आता नाही घेतलंस तर वडीलधाऱ्यांचा शब्द मोडलास."

"काका, हे चीटिंग आहे."

"आहेच. घे."

तिने खाली बघितलं, ट्युनिक नसताना गळ्यापाशी ट्युनिक नीट केल्यासारखं केलं आणि घेतलं. हळू, पण स्पष्ट. मग टोस्ट, मग गोळ्या, मग गुडघ्याचं दुखणं. कुठेही अडखळली नाही.

"तिथेही हेच कर," आजोबा म्हणाले. "आधी त्यांना विचार. वयस्कर पेशंट आला की मी पहिल्यांदा विचारायचो, तुम्हाला काय म्हणू? त्यांनी सांगितलं की ती त्यांची आज्ञा. मग तू तोंड उघडलंस तर मान, मिटलंस तर अपमान."

पुढचं काम माझं होतं. "मी तुम्हाला काय म्हटलेलं आवडेल?" हे वाक्य इंग्रजीत नुसतं शिकून चालत नाही. जरा सूर चढला तर फॉर्म भरून घेतल्यासारखं वाटतं. आम्ही ते वाक्य पोह्यांच्या रिकाम्या बश्यांपुढे किती वेळा म्हटलं असेल, शेवटी बश्याही उत्तर देतील असं वाटू लागलं. मी तिला सांगितलं, उभ्याने विचारू नकोस, बस, आणि विचारून झालं की थांब. म्हाताऱ्या माणसांना उत्तर द्यायला वेळ लागतो. मलाही लागतो.

पुढच्या मंगळवारी ती जिन्यातच माझी वाट बघत होती. प्लेग्रुपची मुलं खाली टाळ्यांचं गाणं म्हणत होती, त्यावर आवाज चढवून ती सांगू लागली.

पहिल्यांदा ती घसरलेल्या गृहस्थांकडे गेली. ते पूर्वी बस चालवत. तिने बसून विचारलं. ते इतका वेळ गप्प राहिले की तिला वाटलं, रागावले. मग म्हणाले, "माझी बायको मला नावाने हाक मारायची. बहीण मारायची. डेपोतले मित्र मारायचे. आता इथे सगळे लव म्हणतात, डार्लिंग म्हणतात. तू नाव घे. वापरात नसलं की गंजतं ते."

"बाई," ती म्हणाली, "आमच्याकडं मोठ्याचं नाव त्याच्याहून मोठ्यानंच घ्यायचं. मग ती मोठी माणसं गेली की घेणारं कोण? हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं."

माझ्याही आलं नव्हतं.

दुसऱ्या एक बाई होत्या, पूर्वीच्या मुख्याध्यापिका. त्यांनी हिचा प्रश्न ऐकून चष्मा पुसला आणि सांगितलं की मला मिसेस आणि आडनाव लावून बोलवायचं, पहिल्या नावाने बोलवायला आपण एका वर्गात नव्हतो. आल्या दिवसापासून सगळे त्यांना पहिल्या नावाने हाका मारत होते आणि त्या मनातल्या मनात धुमसत होत्या. मॅनेजरबाई हे ऐकून आधी लाल झाल्या, मग मोठ्याने हसल्या आणि दारावरची पाटी बदलून आल्या. खिडकीपाशी विणणाऱ्या, मुलगा समुद्रावर असलेल्या बाईंनी तर बालपणीचं लाडकं नाव सांगितलं आणि तेच पाहिजे म्हणून हट्ट धरला.

आणखी एक शोध तिने स्वतःच लावला होता. "बाई, इथल्या मुली म्हाताऱ्यांबद्दल बोलताना नाव घेतात आणि पाठोपाठ म्हणतात, 'ब्लेस हर', 'ब्लेस हिम', देव भलं करो तसं. मी ऐकत होते. ते त्यांचं 'जी' आहे. आपण नुसतं 'जी' म्हणतो, यांचं जरा लांबडं आहे एवढंच."

कोर्समध्ये मला हे कोणी शिकवलं नव्हतं. त्या दिवशी मी वर्गात नावांवरच तास घेतला. सुदानचे गृहस्थ म्हणाले की त्यांच्या आईला गावात कोणीच नावाने ओळखत नव्हतं, अमक्याची आई म्हणूनच ती जगली, आणि तो अमका मी. आणि पहिल्यांदाच त्यांनी शेळ्यांचा विषय काढला नाही.

एकच जण राहिल्या होत्या. एक फार थकलेल्या आजी होत्या. त्या बोलत नसत, दिवसाचा बराचसा वेळ झोपून असत. त्यांना विचारून उपयोग नव्हता. त्यांना भेटायला येणारंही कोणी नव्हतं की ज्याला विचारावं. "आज्ञा कोण देणार, बाई?" तिने मला विचारलं. मी म्हटलं, "बघ तूच." शिक्षकाला कधी कधी एवढंच म्हणता येतं.

इस्टर झाला, प्रोबेशनचा शेवटचा आठवडा आला. मॅनेजरबाईंनी मला पुन्हा बोलावलं. त्या म्हणाल्या, "आजचं हँडओव्हर ऐकून मी ठरवणार आहे. तुम्हीही ऐका." मी कोपऱ्यातली खुर्ची घेतली. हातात पर्स घट्ट धरून बसले होते, ते नंतर लक्षात आलं.

ती उभी राहिली. पहिलं नाव घ्यायच्या आधी तिने ट्युनिकची कॉलर सारखी केली. बसवाल्या गृहस्थांचं नाव घेतलं, ब्लेस हिम म्हटलं, आणि सांगितलं की उभं राहताना अजून तोल जातो, सोबत कोणीतरी लागेल. मुख्याध्यापिकांचं मिसेस आणि आडनाव. विणणाऱ्या बाईंचं लाडकं नाव. येणारी मंडळी माना डोलवत होती. कोणीही "कोण?" म्हणून विचारलं नाही.

मग ती थांबली. कोण राहिलंय, ते मला माहीत होतं. खोलीत ट्रॉलीचा आवाज तेवढा येत होता. तिने दाराकडे बघितलं, त्या दाराच्या पलीकडच्या खोलीत त्या आजी झोपलेल्या होत्या. तिने दोन्ही हात पोटाशी जुळवले, देवळाच्या पायरीवर जुळवावेत तसे, आणि त्यांचं पूर्ण नाव घेतलं. पहिलं, मधलं, आडनाव. "ब्लेस हर," ती म्हणाली. "आज सूप चमच्याने भरवलं, सगळं घेतलं. डावा हात थंड लागतोय, हातमोजा घातला आहे. तासाभराने बघा."

हँडओव्हर संपलं. मंडळी पांगली. मॅनेजरबाई तिच्याजवळ गेल्या आणि एवढंच म्हणाल्या, "सोमवारी लवकरच्या शिफ्टला ये, लव. आता तू कायम." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही कमाल केलीत हं, इतक्या थोड्या वेळात इंग्रजी किती सुधारलं."

मी म्हटलं, "तिचं इंग्रजी आधीपासूनच चांगलं होतं." त्यांना तो माझा विनय वाटला. मी पुढे समजावत बसले नाही.

बाहेर आल्यावर तिने आधी नवऱ्याला फोन केला, मग मुलीला. मुलगी फोनवर इतकी ओरडली की मला दोन पावलांवर ऐकू आलं, आणि ओरडली ते अस्सल लीड्सच्या सुरात. ती फोन ठेवून रडली थोडी, मग नाक पुसून हसली.

"एवढ्या दिवसांत एकीला विचारायचं राहूनच गेलं," ती म्हणाली. ती स्टॉपच्या बाकावर माझ्या शेजारी बसली. मी शिकवलं होतं तसंच, उभ्याने नाही. आणि मी शिकवलेल्या सुरातच तिने इंग्रजीत विचारलं, "मी तुम्हाला काय म्हटलेलं आवडेल?" आणि थांबली.

मी बराच वेळ घेतला. या देशात मला सगळे नावानेच हाक मारतात. दाताचा डॉक्टर, बँकेतली पोरगी, शेजारच्यांचा छोटा नातू, सगळे पहिल्या दिवसापासून. माझं नाव कुठे गंजलेलं नाही, उलट झिजलंय. मला दुसरंच काहीतरी हवं होतं.

"बाईच म्हण," मी म्हटलं. "इथे तसं म्हणणारं मला दुसरं कोणी नाही."

"आज्ञा?"

"आज्ञा."

बस आली, आणि या वेळी आम्ही ती सोडली नाही.

तर धाकट्या राणीसाहेब, मंगळवारी मी शाळेत जाते ती यासाठी. उद्या पुन्हा मंगळवार आहे, पेनं तपासायची आहेत. आणि तुम्ही मला 'माझा आजी' म्हटलंत तरी चालेल. बाबाला सांगा, मी परवानगी दिली आहे.